खिळे जुळवणारे गुरुजी : सेलेस्तँ फ्रेने

स्मरणिका म्हटली की तिची एक ठरलेली चौकट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, मागोमाग संस्थेचा वृत्तांत, देणगीदारांची नामावली, गुणवंतांची छायाचित्रे आणि अखेरच्या पानांवर विद्यार्थ्यांच्या चार कविता. या चौकटीविषयी आमची तक्रार नाही. ज्यांच्या कष्टांवर आणि दानावर संस्था उभी राहते, त्यांचे स्मरण अग्रभागी असणे योग्यच आहे. तथापि शाळेच्या छापील पानावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाने गांभीर्याने घेतला, त्याचे उत्तर कृतीने दिले आणि त्यासाठी आपली नोकरीही गमावली. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचे नाव. युरोपातील व लॅटिन अमेरिकेतील शिक्षकांना ते सुपरिचित आहे; आपल्याकडे मात्र शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे ते फारसे पोहोचलेले नाही. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी मिळून छापलेल्या पानांचा इतिहास सांगायचा, तर तो याच माणसापासून सुरू करावा असे आम्हांस वाटते.

फ्रेने यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९६ रोजी फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातील गार या डोंगराळ खेड्यात, एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. शेळ्यामेंढ्या, ओढे, डोंगरउतारावरची शेती आणि गावातले कारागीर हीच त्यांची पहिली पाठशाळा. पुढे आयुष्यभर ते शिक्षणाविषयी लिहीत राहिले तेव्हा त्यांचे दाखले ग्रंथांतून कमी आणि मेंढपाळ, सुतार, शेतकरी यांच्या रोजच्या व्यवहारातून अधिक आले. प्राथमिक शिक्षक होण्यासाठी १९१२ साली ते नीस येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाले. परंतु प्रशिक्षण पुरते होण्याआधीच महायुद्ध पेटले आणि त्यांना सैन्यात जावे लागले. ऑक्टोबर १९१७ मध्ये शमँ दे दामच्या रणक्षेत्रावर त्यांच्या छातीत गोळी शिरली व फुप्फुस जखमी झाले. प्राण वाचले, शौर्याची पदके मिळाली, परंतु रुग्णालये आणि विश्रामगृहे यांत दीर्घ काळ गेला. सैन्याच्या दृष्टीने ते आता अपंग होते.

निवृत्तिवेतनावर घरी बसणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. जानेवारी १९२० मध्ये ते बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. नारिंगाच्या बागांनी वेढलेले हे टेकडीवरचे गाव. तिथली शाळा दोन वर्गांची, गरीब आणि अंधारी. जखमी फुप्फुसामुळे तासन्‌तास मोठ्याने बोलणे फ्रेने यांना झेपत नसे. व्याख्यान देणारा शिक्षक होणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मुलांना बोलते केले, अशी कथा त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे असे आमचे मत आहे. श्वास अपुरा पडणारे शिक्षक पुष्कळ झाले असतील; त्यांतल्या बहुतेकांनी छडी टेबलावर आपटून शांतता मिळवली असेल. फ्रेने यांच्या शोधामागे युद्धाचा अनुभवही होता. आज्ञेबरहुकूम चालणारी, न विचारता मरायला जाणारी पिढी शाळांनीच घडवली, ही जाणीव खंदकातून परतलेल्या अनेक तरुण शिक्षकांना तेव्हा अस्वस्थ करीत होती. फ्रेने त्यांपैकी एक होते. ते नव्या शिक्षणाविषयीचे ग्रंथ वाचू लागले, १९२२ मध्ये हँबर्गच्या मुक्त शाळा पाहून आले आणि १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे नवशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांच्या परिषदेला गेले. तिथे थोर विचार ऐकले; परंतु ज्या शाळांचे वर्णन होत होते त्या बहुधा सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या होत्या. मोडकी बाके आणि एक फळा एवढ्या सामग्रीवर आपल्या मुलांसाठी नेमके काय करावे, याचे उत्तर त्यांना तिथे मिळाले नाही.

ते मिळाले गावातच. दुपारच्या वेळी पुस्तकातला धडा सुरू झाला की मुलांचे डोळे विझत. म्हणून फ्रेने त्यांना घेऊन शेतांत, ओढ्याकाठी, विणकराच्या आणि सुताराच्या दारी जाऊ लागले. परतल्यावर पाहिलेल्या गोष्टींविषयी मुले भरभरून बोलत, शिक्षक ते फळ्यावर लिहीत, मुले ते आनंदाने वाचत. पण सायंकाळी फळा पुसावा लागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच क्रमिक पुस्तक, आणि त्यात दुसऱ्याच कोणाचे तरी आयुष्य. छापलेला शब्द टिकतो आणि मुलांचा शब्द पुसला जातो, ही विषमता त्यांना खटकली. मग मुलांचाच शब्द का छापू नये? १९२४ साली त्यांनी स्वतःच्या पैशाने एक छोटे हातयंत्र आणि थोडे शिशाचे खिळे विकत आणले आणि ते वर्गात मांडले. शिक्षकाच्या खुर्चीखालचा उंच चौथराही त्यांनी काढून टाकला. यंत्राला जागा हवी होती, हे त्याचे निमित्त. कारण अर्थातच त्याहून मोठे होते.

या वर्गातील काम कसे चाले ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो. फ्रेने यांचा विचार त्यांच्या व्याख्यानांत नव्हे, याच कामात दिसतो. मुले आपापल्या इच्छेने, सुचेल त्या विषयावर लिहीत. विषय नेमून दिलेला नसे, अमुक ओळींची अट नसे. लिहिलेले वर्गापुढे वाचून दाखवायचे. कोणते लिखाण छापावे हे मुलांच्या मतदानाने ठरे. शिक्षकाचे मत त्यांतलेच एक. निवडलेले लिखाण फळ्यावर येई आणि सारा वर्ग मिळून ते सुधारी: हे क्रियापद चुकले, इथे नेमके काय म्हणायचे आहे, हे वाक्य दोनदा आले. व्याकरण शिकवले जाई ते याच वेळी. आशय मात्र लिहिणाऱ्या मुलाचाच राहिला पाहिजे, असा दंडक होता. मग जुळणी. मुलांच्या लहान लहान तुकड्या एकेक ओळ वाटून घेत. खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलायचा, तो उलटा वाचायचा, स्टिकमध्ये बसवायचा. ओळी एकत्र आणून चौकटीत आवळल्या की एक मूल रुळाने शाई लावी, दुसरे कागद ठेवी, तिसरे दाब देई, चौथे ओली पाने वाळत घाली. अखेर खिळे पुसून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, कारण ते मोजकेच होते आणि दुसऱ्या पानाला तेच लागणार होते.

ज्यांनी जुन्या छापखान्यात क्षणभर तरी उभे राहून पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की खिळ्यांच्या कामात आळशीपणा लपत नाही. वहीतली चूक शिक्षकाच्या लाल शाईने झाकली जाते; छापील चूक मात्र प्रत्येक प्रतीवर उमटते आणि घरोघर जाते. त्यामुळे शुद्धलेखनाचा जो आग्रह शिक्षेने साधत नसे, तो इथे आपोआप साधला. आणखी एक गोष्ट घडली. वर्गात हळू वाचणारी, गणितात मागे पडणारी मुले हाताच्या कामात तरबेज निघाली. पहिल्या बाकावरचे आणि शेवटच्या बाकावरचे मूल एकाच चौकटीवर वाकून काम करू लागले.

या वर्गाची सर्वांत लाडकी आठवण गोगलगायींची. मुलांनी त्या वर्गात आणल्या आणि बाकावर त्यांची शर्यत लावली. दुसरा शिक्षक त्या खिडकीबाहेर फेकता. फ्रेने यांनी ती शर्यत होऊ दिली, मुलांचा आरडाओरडा होऊ दिला आणि मग तोच दिवसाचा धडा झाला. फळ्यावर लिहिलेला तो मजकूर वाचताना मुलांना अडखळायला झाले नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द त्यांनी काही क्षणांपूर्वी जगलेला होता.

छापलेली पाने मुले आपापल्या बाडात ओवीत. वर्षअखेर प्रत्येकाजवळ एक जाड संग्रह तयार होई. त्यात वर्गाचे सारे वर्ष असे: पहिला पाऊस, आजोबांचे आजारपण, नारिंगाच्या फुलांची तोडणी, सुताराचा रंधा, कोणाचे तरी भांडण. फ्रेने याला जीवनपुस्तक म्हणत. आज शाळांतून निघणाऱ्या वार्षिकांकाचे ते एक अस्सल रूप होते. फरक इतकाच, की ते वर्षाच्या शेवटी घाईने जमवलेले नसून रोज एकेक पान वाढलेले होते. आपल्याकडील शाळांत हस्तलिखिताची सुंदर परंपरा आहे. ते सुवाच्य अक्षरात सजते, स्नेहसंमेलनात मान्यवरांच्या हस्ते प्रकाशित होते आणि नंतर बहुधा कपाटात जाते, कारण त्याची प्रत एकच असते. फ्रेने यांच्या यंत्राने दिले ते हेच: प्रती. प्रती झाल्या म्हणजे वाचक हवेत.

१९२६ मध्ये ते वाचक मिळाले. फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठी त्रेगँक येथे रने दानिएल नावाचे शिक्षक होते. त्यांनीही तसेच यंत्र घेतले आणि दोन्ही वर्गांत पानांची देवघेव सुरू झाली. हजारभर किलोमीटर अंतर. एकीकडे डोंगर आणि बागा, दुसरीकडे कोळ्यांच्या होड्या. समुद्राकाठच्या मुलांना नारिंगांचा गाव कळेना, डोंगरातल्या मुलांना भरती-ओहोटी समजेना. म्हणून प्रत्येकाला आपले नित्याचे जीवन नव्याने पाहून, समजावून लिहावे लागले. पत्रे गेली, वस्तूंची पुडकी गेली. टपालवाला येण्याची वाट ज्या वर्गात पाहिली जाते, त्या वर्गात निबंध का लिहायचा, हे सांगावे लागत नाही.

याच वर्षी फ्रेने यांचा विवाह एलीझ लाग्ये-ब्रुनो यांच्याशी झाला. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि निष्णात चित्रकर्त्या. १९२७ मध्ये त्यांना काष्ठमुद्रेसाठी गुस्ताव दोरे पारितोषिक मिळाले. शालेय मुद्रणात मुलांच्या चित्रांना जे मानाचे स्थान मिळाले त्याचे श्रेय त्यांना आहे. फ्रेने यांच्या चरित्रांत एलीझ यांचा उल्लेख पुष्कळदा केवळ पत्नी म्हणून येतो; आम्हांस तो अन्याय वाटतो. १९२७ मध्ये शाळेतील छापखान्याविषयी फ्रेने यांचे पुस्तक निघाले, तूर येथे या पद्धतीच्या शिक्षकांचे पहिले संमेलन भरले आणि निरनिराळ्या शाळांतील मुलांचे निवडक लेखन एकत्र आणणारे ‘ला जेर्ब’ हे नियतकालिक सुरू झाले. नावाचा अर्थ पेंढी. शिक्षकांनी सहकारी संस्था काढून यंत्रे, खिळे, शाई आपापसांत पुरवण्याची व्यवस्था केली. १९३२ पासून क्रमिक पुस्तकांऐवजी वापरता येतील अशा छोट्या माहितीपुस्तिकांची मालिकाही या मंडळींनी चालवली.

इथवरचे चरित्र कोणाही यशस्वी शिक्षकाचे वाटावे असे आहे. खरी कसोटी पुढेच होती. १९२८ मध्ये फ्रेने दांपत्य सँ-पॉल या गावी बदलून आले. हे गाव चित्रकारांचे, पर्यटकांचे आणि जमीनदारांचे. शाळेत मात्र गरिबांची मुले आणि अस्वच्छ, मोडकळीस आलेली इमारत. शाळेला आवश्यक सुविधा पुरवणे ही नगरपालिकेची जबाबदारी असल्याचे फ्रेने वारंवार लेखी कळवीत राहिले. गावातील वजनदार मंडळी दुखावली. अशातच एका मुलाने आपले स्वप्न लिहिले आणि ते वर्गाच्या छापील पानावर आले. शालेय साहित्य विनामूल्य देण्यास नकार देणाऱ्या नगराध्यक्षांविरुद्ध सारा वर्ग उठतो आणि तो मुलगा त्यांच्यावर चाकू चालवतो, असे ते स्वप्न होते. डिसेंबर १९३२ मध्ये गावाच्या भिंतींवर फलक झळकले. त्यांवर मुलाचे ते लिखाण उतरवून शिक्षक मुलांना खून आणि क्रांती शिकवतो असा आरोप केला होता. शार्ल मोरास यांच्या उजव्या वृत्तपत्राने हे प्रकरण देशभर नेले. काही पालकांनी मुले शाळेत पाठवणे थांबवले. मजूर व शेतकरी घरांतले पालक मात्र ठामपणे पाठीशी राहिले.

ते लिखाण छापायला हवे होते का, याविषयी आम्ही बरीच चर्चा केली. इवल्या गावात जिवंत माणसाच्या वधाचे स्वप्न, मग ते बालमनाचे असो, छापून घरोघर पाठवताना संपादकाने दहादा विचार करावा, हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्यानंतर फ्रेने जसे वागले, त्याला आम्ही खरी गुरुता मानतो. आपण ते पाहिले नव्हते असे म्हणणे सोपे होते. मुलाला दटावून, पान मागे घेऊन, दिलगिरीचे पत्र लिहून नोकरी वाचवणे त्याहून सोपे होते. त्यांनी मुलावर दोष ढकलला नाही. मुलांच्या मनात काय चालले आहे हे त्यांना लिहू द्यायचे, तर त्यांची स्वप्नेही त्यात आली, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. २४ एप्रिल १९३३ रोजी जमावाने शाळेला वेढा घातला. मुले आत होती. फ्रेने त्या जमावाला पिस्तूल हाती घेऊन सामोरे गेले. हा प्रसंग आम्हांस अस्वस्थ करतो, पण चरित्र लिहिताना तो झाकणे बरे नव्हे. रक्तपात झाला नाही. जून महिन्यात शिक्षण खात्याने सार्वजनिक शांततेच्या नावाखाली त्यांना सँ-पॉलमधून हलवले. त्यांनी ती बदली स्वीकारली नाही आणि सरकारी शाळेचा दरवाजा त्यांच्यासाठी कायमचा मिटला.

तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा बांधली. जवळच्या व्हाँस गावाबाहेर एका टेकडीवर जमीन घेतली. मित्र, सहकारी आणि मुले यांनी मिळून भिंती उभ्या केल्या. ऑक्टोबर १९३५ मध्ये ही निवासी शाळा सुरू झाली. आरंभी तिला मान्यता नाकारण्यात आली, खटला भरला गेला, आणि १९३६ मध्ये सरकार बदलल्यावर तिला श्वास घेता आला. तिथे आलेली बरीच मुले घर हरवलेली होती: पॅरिसच्या उपनगरांतील निराधार, आणि नंतर स्पेनमधील यादवी युद्धाने देशोधडीला लावलेली कितीतरी. बागकाम, जनावरांची देखभाल, सुतारकाम हा शिक्षणाचा भाग होता आणि जेवण बहुतांशी शाकाहारी असे.

वसतिगृहात वाढलेल्या आमच्या वाचकांना या शाळेची एक प्रथा विशेष भावेल. भिंतीवर दर आठवड्याला एक मोठा कागद लागे. त्यात रकाने असत: एक टीकेचा, एक अभिनंदनाचा, एक मागण्यांचा आणि एक आपण पार पाडलेल्या कामांचा. कोणीही मूल त्यात लिहू शके. अट एवढीच, की खाली सही हवी आणि लिहिलेले खोडायचे नाही. आठवड्याच्या शेवटी सभेत तो कागद मोठ्याने वाचला जाई आणि प्रत्येक नोंदीवर चर्चा होई. शिक्षकांवरील टीकाही त्याच सभेत, त्याच नियमाने. वसतिगृहात रात्री कुजबुजत बोलल्या जाणाऱ्या गोष्टी इथे दिवसाढवळ्या, नावानिशी मांडल्या जात. निनावी तक्रारपेटीपेक्षा हा मार्ग अवघड खरा. लहान मुलांना तो साधला हे विशेष.

दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० मध्ये फ्रेने यांना अटक झाली. ते साम्यवादी होते, एवढे कारण पुरेसे ठरले. दीड वर्षाहून अधिक काळ ते एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवले गेले. प्रकृती ढासळली, तरी त्यांच्या महत्त्वाच्या ग्रंथांचे लेखन याच काळात घडले. सुटकेनंतर ते आल्प्समधील व्हालुईझ येथे नजरकैदेसारख्या अवस्थेत राहिले आणि १९४४ मध्ये जर्मनविरोधी प्रतिकारात सामील झाले. युद्ध संपल्यावर व्हाँसची शाळा पुन्हा उभी केली, १९४७ मध्ये आधुनिक शाळेच्या शिक्षकांची संस्था स्थापली, १९५७ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय संघ झाला. १९४९ साली त्यांच्या कार्यावर आधारलेला चित्रपटही निघाला. गंमत अशी, की ज्या साम्यवादी पक्षाचे म्हणून त्यांना डांबले गेले, त्याच पक्षाच्या विद्वानांनी १९५० पासून त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. मुलांच्या अनुभवाला ते फार महत्त्व देतात आणि पक्षाच्या सिद्धान्ताला पुरेसे देत नाहीत, असा त्या टीकेचा रोख होता. फ्रेने यांनी पक्षाचा मार्ग सोडला, छापखाना नाही.

८ ऑक्टोबर १९६६ रोजी व्हाँस येथे त्यांचे निधन झाले. त्यांना गार येथे, ज्या डोंगरात त्यांनी लहानपणी गुरे राखली तिथेच पुरण्यात आले. एलीझ त्यांच्यामागे १९८३ पर्यंत हयात होत्या. टेकडीवरची शाळा चालू राहिली, आणि १९९१ मध्ये फ्रेंच शासनाने ती विकत घेऊन सरकारी शाळा म्हणून आपल्याकडे घेतली.